सदाशिव पेठेत नांगरलेली जहाजं

खराडीला कंपनीची बस थांबली की परचुरे दारात येत, एक पाय हवेत धरत, खालच्या डांबराकडे निरखून पाहत आणि म्हणत, "वादुम!" मगच उतरत. वादुम म्हणजे लॅटिनमध्ये उथळ पाणी. ऊन असो, पाऊस असो, यात खंड नाही.

"साहेब, उतरा की! मागं लाइन लागलीय," ड्रायव्हर ओरडे.

"रोमन सैन्यानंही अशीच ढकलाढकली केली," परचुरे शांतपणे सांगत. "नाकातोंडात पाणी गेलं."

बँकेतली नोकरी सोडून ते आमच्या सॉफ्टवेअर कंपनीत टेस्टिंगला आले होते. ऑफिसात सगळे एकमेकांना नावानं हाक मारत. यांना कुणी 'हाय विवेक' केलं की उत्तर येई, "आपली ओळख झाल्याचं आठवत नाही."

खिशात जुन्या लग्नपत्रिका कापून केलेली कार्डं असत. एका बाजूला लॅटिन शब्द, दुसऱ्या बाजूला मराठी. सगळे शब्द एकाच प्रसंगाचे. दोन हजार वर्षांपूर्वी रोमन सैन्य जहाजांतून इंग्लंडच्या किनाऱ्यावर उतरलं, त्या प्रसंगाचे.

"लॅटिनमध्ये नमस्कार कसं म्हणतात?" मी एकदा विचारलं.

"ठाऊक नाही. लढाईत लागत नाही."

मी माढ्याच्या शाळेत शिकलेला, घरातला पहिला पदवीधर. आमची शाळा पाठांतरावरच उभी होती, त्यामुळे बसमध्ये कार्डं धरून त्यांची तोंडी परीक्षा घ्यायचं काम माझ्याकडे आलं. बदल्यात त्यांनी मला इंग्रजी ईमेल लिहायला शिकवलं. माझं एकेक 'रिस्पेक्टेड सर' त्यांनी स्वतः खोडलं. ते उपकार मी विसरलेलो नाही.

शुक्रवारी संध्याकाळी नवं सॉफ्टवेअर रिलीज करायचं ठरलं, की परचुरे मीटिंगमध्ये हात वर करत. "रोमन लोकांनी पौर्णिमेची भरती विचारात घेतली नाही. जहाजं फुटली." कुणी ऐकत नसे. शनिवारी सगळे बिघाड निस्तरत ऑफिसात असत.

मग त्यांना कंपनीनं सहा महिन्यांसाठी इंग्लंडलाच पाठवायचं ठरवलं. परचुरे नाही म्हणाले. दुसऱ्यांदा विचारलं, तरी नाही.

"उठता-बसता त्याच किनाऱ्याचा जप, आणि फुकट तिकीट नको?" मॅनेजरनं कपाळाला हात लावला.

मला राहवेना. त्यांना समजावायला रविवारी सकाळी सदाशिव पेठेतल्या त्यांच्या फ्लॅटवर गेलो. पलंगावर त्यांच्या थोरल्या बहीण, आक्का, पडून होत्या. इतिहासाच्या निवृत्त शिक्षिका. दृष्टी गेलेली, वर्षभर अंथरुणाला खिळलेल्या.

"आक्का, हा माझा परीक्षक."

"बस बाळा," त्या म्हणाल्या. "जन्मभर मी मुलांना शिकवलं, 'रोमन इंग्लंडात उतरले.' एका ओळीत! कसे उतरले ते मलाही ठाऊक नव्हतं. याला म्हटलं, मुळातून वाचून सांग. भाषांतर म्हणजे उष्टं. आता रोज दोन ओळी वाचतो."

"मग, उतरले का?"

"कुठले उतरतायत! आठ महिने जहाजातच उभे आहेत. डॉक्टरांनी हात टेकलेत, पण मी याला सांगितलंय, ते एकदा उतरले की मी जायला मोकळी."

परचुरे खिडकीबाहेर पाहत राहिले. तो उतारा चार पानांचा. त्याचं शेवटचं कार्ड मी दिवाळीआधीच त्यांच्याकडून पाठ करून घेतलं होतं.

इंग्लंडचं बोलणं माझ्या तोंडातच राहिलं.

वाचन सुरू झालं. तोच वारा, त्याच लाटा. काही ओळी तर त्यांनी स्वतःच रचल्या असाव्यात. पण माझ्यासमोर वाचताना ते गडबडले आणि एक शब्द निसटला. "अरिदुम."

आक्कांनी मान वळवली. "हा नवा. म्हणजे काय रे?"

परचुऱ्यांचं बोट ओळीवर थांबलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"तू सांग, परीक्षक. तुझं पाठ असेल."

पाठ होतं. अरिदुम म्हणजे कोरडी जमीन. शाळेपासून आजवर तोंडी परीक्षेत मी जाणूनबुजून चुकीचं उत्तर कधी दिलं नव्हतं.

"खोल पाणी, आक्का," मी म्हणालो. "कालच्यापेक्षा खोल."

"घ्या! म्हणजे आजही नाहीच उतरत मेले," म्हणत त्यांनी उशीवर डोकं टेकलं.

परचुऱ्यांनी आवाज न करता एक पान मागे उलटलं.