परवाच्या सभेचं इतिवृत्त

“काका, हा ठराव मी मांडला?”

शुक्रवारी सकाळी साडेदहाला एक चष्मेवाली मुलगी वॉर्ड कार्यालयाच्या हेडक्लार्कांसमोर मोबाइल धरून उभी होती. मोबाइलवर बाहेरच्या सूचनाफलकाचा फोटो होता. चहाआधी कोणाला उत्तर द्यायचं नाही, हा हेडक्लार्कांचा जुना नियम. पण फोटो बघितला आणि चहा तसाच राहिला.

फोटोत ‘युवक सभेचे इतिवृत्त’ होतं. उपस्थिती बेचाळीस. ठराव क्रमांक एक : वॉर्डाचे वाचनालय रात्री नऊपर्यंत उघडे ठेवावे. सूचक म्हणून या मुलीचं नाव, आडनावासकट.

“मांडला असशील की,” हेडक्लार्क म्हणाले.

“पण यावर तारीख येत्या रविवारची आहे. परवाची.”

हेडक्लार्कांनी चष्मा काढून पुसला. स्वच्छच होता, पण तेवढाच वेळ मिळाला.

तरुणांना स्थानिक कारभारात सहभागी करून घ्या, असं पत्र दरवर्षी वरून येई. पहिल्या वर्षी हेडक्लार्कांनी मनापासून सभा घेतली होती. पन्नास खुर्च्या मांडल्या. आले तिघं. दोघं उन्हाला कंटाळून पंख्याखाली बसायला आलेले आणि तिसरा खुर्च्या परत न्यायला आलेला मंडपवाला. तेव्हापासून त्यांनी कानाला खडा लावला. सभेआधी तीन दिवस इतिवृत्त लिहायचं, मतदारयादीत नव्यानं आलेली नावं सूचक-अनुमोदक म्हणून वाटून टाकायची, रविवारी रिकाम्या हॉलमध्ये साहेबांचा माइकसमोर फोटो काढायचा आणि सोमवारी सगळं फायलीत. अकरा वर्षं कोणी ब्र काढला नव्हता.

यंदा शिपायानं घोळ घातला. सभेची सूचना फलकावर लाव आणि इतिवृत्त फायलीत ठेव, असं त्याला सांगितलं होतं. त्यानं बरोब्बर उलटं केलं. त्यामुळे सभा आहे हे वॉर्डात कोणालाच माहीत नव्हतं आणि सभेत काय ठरलं ते मात्र घरोघरी पोचलं होतं.

निवृत्तीला दोन महिने अकरा दिवस उरले होते. छत्तीस वर्षांत सेवापुस्तकात एक वाकडा शेरा नव्हता. या मुलीनं वर एक अर्ज टाकला की चौकशी लागणार, आणि निवृत्तीचे कागद त्या चौकशीखाली गाडले जाणार. हेडक्लार्कांना आता फक्त घरी बसायचं होतं. खरं सांगायचं तर छत्तीस वर्षं ते त्याच आशेवर कामाला येत होते.

“तक्रार करायला आलीस का, बाळ?” त्यांनी हळूच विचारलं.

“तक्रार कशाला? मी परीक्षेचा अभ्यास करते, घरात बसायला जागा नाही. ठराव चांगलाय. मी मांडलाय म्हणता, तर सुरू कधी होणार तेवढं सांगा.”

“आजपासून,” हेडक्लार्क म्हणाले. घाबरलेला माणूस वाटेल ते बोलून जातो.

ग्रंथपालबाईंनी सरळ नकार दिला. “सहानंतर मी थांबणार नाही. लेखी आदेश द्या.” लेखी आदेश द्यायचा तर ठराव दाखवायला हवा, आणि ठराव दाखवायचा तर तारीख दिसणार. शेवटी चावी घेऊन हेडक्लार्क स्वतःच बसले. बायकोला फोन करून सांगितलं, तर ती म्हणाली, “छत्तीस वर्षं पाचच्या ठोक्याला निघणारा माणूस तू. आता काम करतोस? खरं काय ते सांग.” खरं सांगण्यासारखं नव्हतंच. समोर चष्मेवाली वाचत बसली होती. अभ्यासाचा कंटाळा आला की ती कपाटातली सभांची नियमावली काढून चाळत होती. त्या नियमावलीला इतक्या वर्षांत वाळवीखेरीज कोणी हात लावला नव्हता.

शनिवारी सकाळी कार्यालयाच्या दारात चौकातला गॅरेजवाला उभा.

“हेडक्लार्कसाहेब, रस्त्यातले खड्डे बुजवायच्या ठरावाला अनुमोदक म्हणून माझं नाव?”

“मग? चांगलंच काम आहे.”

“चांगलं काय! खड्ड्यांवर तर माझं गॅरेज चालतं. आधी नाव काढा!”

तो हलतो न हलतो तोच एक नर्स आली. वॉर्डात पाणी वेळेवर येते याबद्दल कार्यालयाचे अभिनंदन, हा ठराव तिच्या नावावर होता. “रात्रपाळी करून घरी येते तर नळाला थेंब नसतो, आणि मी तुमचं अभिनंदन करते? शेजारणी हसतात मला!”

हेडक्लार्क दमले. भांडायला अंगात बळ हवं, ते उरलं नव्हतं. त्यांनी सगळ्यांना एकच उत्तर दिलं, “उद्या पाच वाजता सभा आहे. तिथे बोला.” दिवसभरात हे वाक्य त्यांनी एकतीस माणसांना सांगितलं. सभेचा इतका प्रचार त्यांनी उभ्या नोकरीत केला नव्हता.

रविवारी हॉलमध्ये खुर्च्या बारा आणि माणसं साठ. साहेब फोटोपुरते आले होते. ते दारातच थबकले.

“हे कोण? मोर्चा आहे का?”

“नाही साहेब, युवक आहेत,” हेडक्लार्क कसेबसे म्हणाले.

सभा सुरू झाली आणि चष्मेवाली उभी राहिली. “नियमावलीप्रमाणे पहिला विषय म्हणजे मागच्या सभेचं इतिवृत्त वाचून कायम करणं.”

“वा! वाचा की,” साहेब खूश होऊन म्हणाले. “मागची सभा कधी झाली होती हो, हेडक्लार्क?”

हेडक्लार्क फायलीत उगाच तारीख शोधू लागले. मागच्या सभेतली माणसं म्हणजे साहेब, कॅमेरा आणि बारा खुर्च्या. गॅरेजवाल्यानं तोंड उघडलंच होतं, तेवढ्यात मुलगी म्हणाली, “मागचं राहू दे. फलकावर लागलंय ते आजच्या तारखेचं आहे, म्हणजे तो आजचा मसुदा समजू. सूचक-अनुमोदक सगळे हजर आहेत. एकेक ठराव घेऊ. पटेल तो ठेवू, नाही तो खोडू.”

हेडक्लार्कांना तिच्या पाया पडावंसं वाटलं. वय आडवं आलं.

सभा अडीच तास चालली. वाचनालय मंजूर झालं, आणि यापुढे दर महिन्याला सभा घ्यायचंही ठरलं. पाण्याचं अभिनंदन खोडून तिथे नर्सनं असा काही मजकूर सांगितला, की लिहिताना हेडक्लार्कांनाच दोनदा सौम्य करावा लागला. खड्ड्यांच्या ठरावाविरुद्ध गॅरेजवाला एकटा पडला, तरी बाहेर जाताना “पुढच्या वेळी चार माणसं घेऊन येतो” असं बजावून गेला. साहेबांनी तरुण पिढीवर भाषण केलं, खरोखरच्या गर्दीबरोबर फोटो काढला आणि हेडक्लार्कांची पाठ थोपटली.

हॉल रिकामा झाला. घडलेल्या सभेचं इतिवृत्त हेडक्लार्कांनी अकरा वर्षांत प्रथमच लिहिलं होतं. बोटं दुखत होती, पण आता चौकशी होणार नव्हती. सुटलो, असं म्हणून ते खुर्चीत रेलले.

तेवढ्यात चष्मेवालीनं त्यांच्यापुढे एक कागद ठेवला.

“हे काय आता?”

“पुढच्या महिन्याच्या सभेचं इतिवृत्त. म्हटलं तुमची पद्धत सोपी आहे, आधीच लिहून टाकलं.”

हेडक्लार्कांनी वाचलं. ठराव क्रमांक एक : निवृत्तीनंतर रोज संध्याकाळी सहा ते नऊ वाचनालयाची जबाबदारी स्वखुशीने स्वीकारत आहे. सूचक म्हणून त्यांचंच नाव, आडनावासकट. एकमताने मंजूर.

“अगं, मी हे कधी म्हणालो?”

“अजून नाही म्हणालात, काका. सभा पुढच्या महिन्यात आहे.”

त्यांनी कागद पुन्हा एकदा वाचला. घर आठवलं, घरातली खुर्ची आठवली, खुर्चीसमोरची भिंतही आठवली. मग त्यांनी पेन उघडलं, ‘नऊ’ खोडून ‘साडेआठ’ केलं आणि बाजूला सही ठोकली.