खांबेटेकाकांचे बुडालेले संघ

खांबेटेकाकांना फुटबॉलचं वेड आहे असं ऐकून मी त्यांना कॉलनीच्या सामन्यांना पाहुणे म्हणून बोलावलं, ही चूक माझी. किक मारून उद्घाटन करायचं होतं. काकांनी चेंडू उचलला, काखेत मारला आणि वयाला न शोभणाऱ्या वेगानं धावत सुटले. पोरं मागून ओरडताहेत, "काका, हैंड हो गया!" काकांनी गोलकीपरला खांद्यानं बाजूला सारलं, चेंडू रेषेपलीकडे जमिनीला टेकवला आणि इकडच्या माळवी थाटात मला म्हणाले, "झालं उद्घाटन, भिया. आता चहा."

त्यांचं वेड चेंडू हातात घेऊन पळायच्या अमेरिकन फुटबॉलचं, हे मला तेव्हा कळलं. त्यातही आजच्या खेळाचं नाही. शंभरेक वर्षांपूर्वी तिथं पैसे घेऊन खेळणाऱ्यांच्या लीगा निघाल्या, त्या काळाचं. एकदा मुलाकडे अमेरिकेला राहून आले आणि हा रोग घेऊन आले. मुलगा-सून कामावर, बाहेर बर्फ. काका ऊब मिळते म्हणून लायब्ररीत जाऊन बसत. तिथं त्यांना कळलं, की मुलगा राहतो त्या एवढ्याशा, कारखान्याच्या गावाचा एकेकाळी स्वतःचा संघ होता. आठवडाभर भट्टीवर काम, रविवारी मैदानात.

"आणि लीग कुठं स्थापन झाली, माहितीये? मोटारींच्या दुकानात! खुर्च्या कमी पडल्या, तर मंडळी गाड्यांच्या फूटबोर्डावर बसली."

कॉलेजची पोरं खोट्या नावानं खेळून पैसे घेत, एका संघाला तर घरचं मैदानच नव्हतं, हे सगळं काका पोहे खाताखाता असं सांगत, की जणू काल देवासच्या बसस्टँडवर घडलंय. कोण जिंकलं विचारलं, की चिडत. "जिंकलेले सगळ्यांना ठाऊक असतात. बुडाले कोण, ते विचार!" आणि मग सुतकी आवाजात छोट्या गावांचे संघ सुरू. पैसा आटला, चांगले खेळाडू मोठ्या शहरांनी नेले, संपलं.

देवासची आमची कॉलनीही कारखान्याचीच. महाराष्ट्रातून नोकरीला आलेली कुटुंबं. कारखाना बंद पडला आणि माणसं इंदूरला, पुण्याला मुलांकडे निघून गेली. हॉलला कुलूप लागल्यापासून कॉलनीचा गणपती काकांच्या बाहेरच्या खोलीत बसतो. यंदाच्या बैठकीला आम्ही पाच जण, त्यातले दोघं चहापुरते. सेक्रेटरी या नात्यानं मी घसा खाकरून सुचवलं, की आपला गणपती बंद करावा आणि शहरातल्या मोठ्या मंडळात सामील व्हावं. तिथं पार्किंगसुद्धा आहे.

काका ताडकन उठले. "असेच बुडाले, भिया! सगळे असेच!"

"काका, लोड मत लो," चहावाल्यांपैकी एकजण म्हणाला.

"अहो, तो अमेरिकेचा खेळ," मी विनोद केला. "इथं आरतीला माणसं नाहीत."

हात वर झाले. काका एकटे पडले. मंडळी पांगली. मी चपला घालत होतो, तेव्हा ते दाराशी आले.

"म्हणजे यंदा माझ्याकडे कुणी येणार नाही?"

मी चपलेचा पट्टा उगाच पुन्हा काढला, पुन्हा घातला.

"तुझी काकू गेल्यापासून ते दहा दिवसच दार उघडं असतं रे. मुलाचा फोन आला, की मी तो आरतीपुढे धरतो. त्याला वाटतं, बाबा माणसांत आहेत. नाहीतर तो मला कायमचा तिकडे न्यायलाच टपलाय." मग जरा हसले. "असू दे. तू सेक्रेटरी, तुला नियम पाहावे लागतात."

घरी येऊन मी हे बायकोला सांगितलं. ती धार गावची, माझं बोलणं संपेपर्यंत मध्ये तोंड घालत नाही, आणि मग मला बोलायला काही ठेवत नाही.

"मोठ्या मंडळात तुम्ही जाऊन बसा," ती म्हणाली. "मी काकांकडे मोदक वळायला जाणार. ते दहा दिवस आपल्याकडे स्वयंपाक होणार नाही. भूक लागली, तर झांजा घेऊन तिकडे या."