खडूनं लिहिलेले अरहंत

मी दौंडच्या दवाखान्यात नर्स म्हणून बदलून आले, त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या दारावर खडूनं 'प' लिहिलेला होता. वीतभर उंचीचा, ठसठशीत, कडीच्या जरा वर. मी ओल्या फडक्यानं पुसला. तिसऱ्या दिवशी तो परत तिथंच.

मी पुसायची, तो उगवायचा, असं आठवडाभर चाललं. शेवटी एक दिवस पहाटे पाचलाच दार उघडून उभी राहिले आणि चोर सापडला. साठीच्या पुढचा, काटक, ताठ म्हातारा. अंगात रेल्वेचा विटका निळा सदरा. सुतार कानावर पेन्सिल ठेवतो, तसा ह्याच्या कानावर खडू.

"हे काय चाललंय?"

"मार्किंग."

"माझ्या दारावर?"

"मंग काय वॅगनवर? वॅगनीवरचं मारून झालं चौतीस वर्सं. आता रिटायर हाय."

हे गेनूआप्पा. माझ्या शेजारचं दार त्यांचं. दौंडच्या यार्डात ते पॉइंट्समन होते. इंजिन सोडायचं, इंजिन जोडायचं आणि डब्यांवर खडूनं खुणा करायच्या. हा डबा सोलापूरकडे, हा मनमाडकडे, हा दुरुस्तीला. ज्यावर फुली पडली तो कंडम, म्हणजे कायमचा बाजूला. त्या काळी पुण्याकडून मनमाडला जाणारी गाडी दौंडात आली की तिचं इंजिन पुढून काढून मागं लावावं लागे. आप्पा म्हणायचे, "गाडी तीच, डबं तेच, मानसंबी तीच. फकस्त त्वांड फिरलं. धम्म म्हंजी तरी दुसरं काय?"

रिटायर झाले त्या पावसाळ्यात वस्तीतल्या विहारात एक भन्तेजी वर्षावासाला राहिले होते. त्यांनी तीन महिने रोज संध्याकाळी ज्ञानी पुरुषांचे प्रकार समजावून सांगितले. सोतापन्न कोण, अरहंत कोण, बोधिसत्त्व कशाला म्हणायचं. बाकीचे लोक जमेल तसे गेले. आप्पांनी एक दिवस चुकवला नाही. मात्र त्यांनी ते सगळं यार्डाच्या कानांनी ऐकलं. भन्तेजी गेले आणि आप्पांनी खडू घेऊन अख्ख्या गल्लीचं मार्किंग सुरू केलं.

चहावाल्या युसूफभाईंच्या टपरीवर 'सो' होता. "सोतापन्न. म्हंजी डब्यात पाय पडला. आता जास्तीत जास्त सात टेशनं. मदी गाडी थांबंल, पन ह्यो खाली पडनार न्हाई." का, तर युसूफभाईंनी गिऱ्हाइकांवर ओरडणं सोडलं होतं. युसूफभाईंना आधी काही कळलं नाही. कळल्यावर ते रोज सकाळी 'सो' आहे ना हे बघून मगच स्टोव्ह पेटवू लागले.

'स' म्हणजे सकदागामी. एकदाच परत येणारा. "येकच रिटर्न तिकीट. पुन्यांदा खिडकीवर यायचं न्हाई." आणि अनागामी म्हणजे जो परत येतच नाही. ही खूण आप्पांनी फार कमी लोकांवर केली, पण आमच्या नळदुरुस्तीवाल्याच्या सायकलवर केली होती. अर्धा नळ उघडून तो "वायसर आणतो" म्हणून गेला तो गेलाच. मी म्हटलं, "आप्पा, असा असतो होय अनागामी?" तर म्हणाले, "तसा नसतोय. पन बाजारात त्याची सायकल दिसली, हात ऱ्हायला न्हाई."

अरहंत त्यांनी आयुष्यात दोनच लिहिले. एक म्हातारी मिरचीवाली आणि एक रिटायर स्टेशनमास्तर. "अरहंत म्हंजी टर्मिनस. उतरला. सामान न्हाई, हमाल न्हाई, घाई न्हाई."

विहारातली शिकलेली मुलं त्यांना अडवायची. "आप्पा, सात जन्म, एक जन्म काय सांगता? पुनर्जन्म आपण मानत नाही."

"मी तरी कुठं मानतोय? डूटी संपली की येक जलम संपला. उद्या हजेरी लागली की दुसरा. तुझं किती झालं ते सांग. कालचाच माणूस आज उठलास का न्हाई?" आप्पा त्याच्या मोटारसायकलकडे बघत खडू चाचपायचे आणि मुलगा किक मारून पळायचा.

माझ्या 'प'चा अर्थ त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितला. "पच्चेकबुद्ध. कुनी गुरू न्हाई, कुनी वाट दावली न्हाई. आपलं आपन पोचला. लई वरची पोस्ट हाय."

खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. मी शिरूरकडच्या एका लहान गावातली. नर्सिंगचा फॉर्म कुठं मिळतो हेसुद्धा मला कुणी सांगितलं नव्हतं. एकटी एसटीत बसले, एकटी शिकले, एकटी नोकरीला लागले. हे आप्पांना कुणी सांगितलं कोण जाणे. बहुतेक माझ्या तोंडावरच लिहिलेलं असावं. त्या दिवसापासून मी 'प' पुसणं बंद केलं. घराला रंग दिला तेव्हा रंगाऱ्याला तेवढा चौकोन सोडायला लावला. एकदा पोलिओच्या फेरीला साहेब तपासणीला आले. लस झालेल्या घरावर आम्ही खडूनं इंग्रजी P लिहायचो. साहेबांनी माझं दार बघितलं आणि म्हणाले, "वा सिस्टर, मराठीतून लिहिलंत! उत्तम." दोन्हीकडून कौतुक होत असेल तर कशाला बोला?

हे कौतुक एका तिबेटी बाईनं मोडलं. थंडीत स्टेशनजवळ स्वेटरवाले बसायचे. मी एक राखाडी स्वेटर बघत होते आणि आप्पा बरोबर होते. आप्पांनी त्या बाईला थेट विचारलं, "आपके में बडा कौन? अरहंत का बोधिसत्त्व?"

बाई हसली. "हमारे यहाँ बोधिसत्त्व, अप्पाजी. खुद का नहीं सोचता. सब पार हो जाएँ, तब तक लौट-लौट के आता है."

"म्हंजी गार्ड!" आप्पांनी मांडीवर थाप मारली. "समदे चढले का बगतो, झेंडी दावतो, आन् सगळ्यांच्या मागनं चढतो."

मी सहज विचारलं, "और पच्चेकबुद्ध?"

"वो? वो अच्छा है," बाई स्वेटरची घडी घालत म्हणाली, "लेकिन अकेला जाता है. किसी को सिखाता नहीं."

मी आप्पांकडे बघितलं. आप्पा एका कानटोपीची शिवण तपासू लागले.

परत येताना मी त्यांना धरलंच. "अर्धंच सांगितलंत."

"अर्धं तुमी इचारलं न्हाई."

"म्हणजे इतके दिवस माझ्या दारावर शिवी होती?"

"शिवी कशी आसंल? बुद्धच हाय त्यो. पन यार्डात त्याला लाइट इंजिन म्हनत्यात. मागं डबा न्हाई, येकलं धावतंय. काय वाईट न्हाई त्यात." मग थोडं चालून म्हणाले, "येवढंच की, लाइट इंजिनाचा आवाज आला की फलाटावरची मानसं गठुडी घिऊन उठत्यात. ते फुडं निघून गेलं की परत खाली बसत्यात. ती सुमन दोन बारीला तुमच्या दारातनं परत गेली, शिस्टर."

सुमन मागच्या गल्लीतली. तिशीची, दोन मुलांची आई. नवरा कुरकुंभला केमिकल कंपनीत शिफ्टला. नववीत शाळा सुटलेली. आता सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावी द्यायची होती, कारण त्याशिवाय अंगणवाडीत घेत नव्हते. विज्ञान आणि गणित शिकवाल का, म्हणून ती माझ्याकडे आली होती. मी म्हटलं होतं, वेळ नाही. आणि मनात म्हटलं होतं, मला कोणी शिकवलं होतं?

दुसऱ्या दिवशी मी सुमनला बोलावलं. माझ्यात काही मोठा बदल वगैरे झाला नव्हता. मला राग आला होता. लाइट इंजिन म्हणे!

वर्षभर ती माझ्या स्वयंपाकघरातल्या फरशीवर बसून शिकली. पहिल्या खेपेला गणितात आपटली, दुसऱ्या खेपेला पस्तीस मिळाले. निकालाच्या दिवशी पेढे घेऊन आप्पांकडे गेलो, तर ते म्हणाले, "पस्तीस म्हंजी सिग्नल पडला. किती खाली पडला ते ड्रायव्हर बगत न्हाई, गाडी काढतो." दुसऱ्या दिवशी माझ्या दारावरचा 'प' पुसलेला होता. जागा कोरी.

"आता काय लिहिणार?"

"इन्स्पेक्शन चालू हाय."

एक गोष्ट माझ्या उशिरा लक्षात आली. सगळ्या गल्लीवर खुणा होत्या, आप्पांचं स्वतःचं दार मात्र स्वच्छ. विचारलं, तर म्हणाले, "यार्डाचा नेम हाय. आपल्या डब्यावर आपन खडू मारायचा न्हाई. दुसऱ्यानं बगून मारायचा." त्यांची बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. मुलगा पुण्यात होता, दोन महिन्यांतून एकदा यायचा. रोज सकाळी आप्पा दार उघडून बाहेर यायचे, वळायचे आणि आधी स्वतःच्या दाराकडे वरपासून खालपर्यंत बघायचे. मला वाटायचं, कोळिष्टकं बघतात.

सुमन अंगणवाडीत लागली आणि तिची पहिली पोलिओ फेरी आली. मी तिला फार कडक शिकवलं होतं. लस झाली की P. घराला कुलूप असेल तर फुली. ओळखीचं घर, बिनओळखीचं घर असलं काही नाही. कुलूप दिसलं की फुली.

त्याच आठवड्यात आप्पा मोतीबिंदूच्या ऑपरेशनला मुलाकडे गेले होते. आठ दिवसांनी आले. मी दवाखान्याच्या गडबडीत होते, भेट झाली नाही. चार-पाच दिवसांनी युसूफभाई माझ्याकडे आले. "सिस्टर, माझा 'सो' पुसला गेलाय. चार दिवस झाले. म्हातारा लिहीना. मी काही चुकलो का?" मग मी गल्लीत नीट बघितलं. सगळ्याच खुणा फिक्या पडल्या होत्या.

आप्पा आत लोखंडी खुर्चीत बसले होते. डोळ्याला हिरवा चष्मा. कानावर खडू नव्हता.

"डोळा दुखतोय का?"

"डोळा झ्याक हाय. लई सोच्छ दिसतंय."

"मग मार्किंग का बंद?"

"ज्याच्यावर फुली पडली, त्यानं दुसऱ्यावर खडू चालवायचा न्हाई."

"कसली फुली?"

त्यांनी दाराकडे बोट केलं. उघड्या दाराच्या बाहेरच्या अंगाला, बरोब्बर मध्यावर, सुमनच्या हातची सरळ, सुबक फुली होती.

"कुनी मारली ते मी इचारनार न्हाई," आप्पा म्हणाले. "ज्यानं मारली त्यानं बगूनच मारली आसंल. इतकी वर्सं वाट बगत हुतो, कुनीतरी येऊन कायतरी मारंल म्हनून. मारली. कंडम तर कंडम. खोटं न्हाई त्यात. आता तकरार कशाची?"

रोज शंभर रडणारी पोरं बघते मी, पटकन काही होत नाही मला. पण त्या वेळी मला तिथं उभं राहवेना. मग मागच्या भिंतीवरून हाक मारली, "सुमन! आहे तशी ये!"

सुमन पिठाच्या हातांनी आली. फुली बघितली, आप्पांचं तोंड बघितलं आणि तिच्या लक्षात आलं. तीही यार्डाजवळच वाढलेली.

"अगं बाई! आप्पा, ती कंडमची न्हाई! पोलिओची हाय! कुलूप हुतं म्हणून मारली."

"माज्यात कुठलं ल्हान पोर हाय ग लस द्यायला?"

"नातवंडं आली असती तर? शिस्टरनी सांगितलंय, कुलूप दिसलं की फुली. तुमचं घर म्हणून सोडलं असतं तर ह्यांनी मला सोडलं नसतं."

"मंग फुलीचा अर्थ काय तुमच्यात?"

"परत यायचं," सुमन म्हणाली. "फुलीचं घर सोडायचं न्हाई. मी दोनदा येऊन गेले, तुम्ही पुण्यालाच."

आप्पांनी चष्मा काढला. "म्हंजी फुली मारली, की त्या घरी मानूस परत येनार?"

"येणारच," मी म्हटलं.

"येकदा?"

"दार उघडेपर्यंत."

आप्पा दाराकडे वळले. "येकदा येतो त्यो सकदागामी," ते स्वतःशीच म्हणाले. "दार उघडंस्तवर लौट-लौट के येतो, त्याला तर..." उठून कोनाड्यातला खडू घेतला आणि कानावर ठेवला. सुमननं तोंडाला पदर लावला. मी ओलं फडकं घेऊन फुली पुसायला निघाले.

"ऱ्हाऊ द्या," आप्पा म्हणाले.

सकाळी युसूफभाईंचा 'सो' जागेवर होता. माझं दार मात्र कोरंच राहिलं, आणि ते शेवटपर्यंत कोरं राहिलं. इन्स्पेक्शन संपलं नाही. आज मला वाटतं तेच बरं झालं. सुमननंतर माझ्या फरशीवर बसून किती जणी शिकल्या ते मी मोजलेलं नाही. त्या पुसलेल्या जागेकडे बघून जायच्या-यायच्या, एवढं खरं. ह्यातलं काहीएक त्या म्हाताऱ्याच्या खडूशिवाय झालं नसतं, हे मी कुणालाही सांगते. त्यांना मात्र कधी धड सांगितलं नाही.

पुढच्या आठवड्यात मी ड्यूटीवरून येत होते, तर आप्पा दारापुढं उकिडवे बसलेले. हातात ब्रश, शेजारी पिवळ्या ऑइलपेंटचा डबा. सुमनची खडूची फुली ते रेघेवर रेघ धरून पक्की करत होते. रंगाचा दुसरा हात चालला होता.

"हे काय आप्पा?"

"खडू पावसानं जातोय," ते मागं न वळता म्हणाले.

त्यानंतर आप्पा होते तोवर मी रोज संध्याकाळी घराचं कुलूप काढायच्या आधी त्यांची कडी वाजवायची. फुलीचं घर होतं. सोडता येत नाही.