साळूताईंची गाजलेली चूक

एका जंगलात, बाळांनो, वाघापेक्षा गणतीचा धाक मोठा होता. तुमच्या निबंधाचा उल्लेख इतर किती विद्वानांनी आपल्या निबंधात केला, त्याची ही गणती. ती मुंगूस करी आणि दर पौर्णिमेला वडाच्या खोडावर आकडे लावी.

तिथे साळूताई नावाची एक साळिंदर राहत होती. हरणांच्या खोकल्यावर तिचा अभ्यास होता. सात वर्षांत तिने चार निबंध लिहिले. चारही बिनचूक. त्यांचा उल्लेख एकदाच झाला, आणि तोही तिनेच केला होता.

पाचव्या निबंधात मात्र घोटाळा झाला. चिखलात लोळणाऱ्या हरणांची एक यादी होती, कोरड्यात राहणाऱ्यांची दुसरी. साळूताईकडून दोन्हींची अदलाबदल झाली. निबंध छापून आला : चिखलात लोळल्याने खोकला जातो.

महिन्याभरात एकशेचाळीस उल्लेख झाले. सगळ्यांत एकच वाक्य होतं, 'साळूताई म्हणतात तसं आमच्याकडे काही घडलं नाही.'

साळूताईने ते निबंध वाचलेच नाहीत. तिने वडावरचा आकडा पाहिला आणि दिवसभर तिचे काटे आनंदाने फुललेले राहिले.

मग एका सकाळी ठिपकी हरणी दारात आली. गळ्यापर्यंत चिखल. "ताई, महिनाभर लोळतेय," ती खोकत म्हणाली. "आता दोन पावलं चाललं तरी दम लागतो. अजून किती दिवस लोळू?"

साळूताईने याद्या काढल्या. दोनदा वाचल्या.

"मावशी, नदीवर जाऊन अंग धू आणि उन्हात बस," ती म्हणाली. "चूक माझी आहे."

तशीच ती संशोधन मंडळाच्या अध्यक्षांकडे गेली. अध्यक्ष होते गवेसाहेब.

"मला तो निबंध मागे घ्यायचाय."

"ताई, आपल्या जंगलाचा एवढा गाजलेला निबंध दुसरा नाही."

"साहेब, मी चुकले एवढंच सगळ्यांनी लिहिलंय."

"लिहू दे की. गणतीत तसा रकाना नाही." गवेसाहेबांनी शांतपणे रवंथ केला. "डोंगरावरची मोठी गुहा तुम्हाला प्रयोगशाळेसाठी द्यायचं ठरतंय. निबंध मागे घेतलात तर ती रानडुकराला जाईल."

साळूताई सात वर्षं करवंदीच्या जाळीत बसून प्रयोग करत होती. पाऊस आला की औषधं वाहून जायची.

"जाऊ दे गुहा," ती म्हणाली.

तिने दुरुस्ती लिहिली आणि कळपाकळपात जाऊन स्वतः वाचून दाखवली. हरणं चिखलातून उठली. पंधरा दिवसांत ठिपकीचा खोकला उतरला.

आणि त्या दुरुस्तीचे तीनशे उल्लेख झाले. 'साळूताई चुकल्या, हे आता साळूताईंनाही मान्य आहे,' असं जो तो लिहू लागला. मुंगुसाने दोन्ही आकड्यांची बेरीज केली. गुहा साळूताईलाच मिळाली.

उद्घाटनाला गवेसाहेब हार घेऊन आले. "पुढचा विषय कोणता?"

"खोकलाच. जमलं तर सर्दीही."

गवेसाहेब जवळ सरकले. आवाज खाली आणून, अगदी आपुलकीने त्यांनी विचारलं, "आणि या वेळी चूक कुठे करायचं ठरवलंय?"

तात्पर्य : बाळांनो, चूक झाली तर ती मोकळ्या मनाने कबूल करावी. उल्लेख दुप्पट होतात. बिनचूक लिहिणाऱ्याला मात्र कबूल करण्यासारखं काही नसतं, म्हणून त्याने करवंदीच्या जाळीत बसावं.