विश्वंभररावांनी कार्ड रीडर सर केला त्याची हकिकत

श्रीगजानन प्रसन्न; विघ्ने मात्र जागच्या जागी. शके एकोणीसशे शेहेचाळीस, क्रोधीनाम संवत्सर, कार्तिक वद्य पक्षी जे वर्तमान घडले ते ऐसे जे. नाव सांगण्याजोगे नव्हे ऐसे तीन खोल्यांचे एक राज्य, तेथे विश्वंभरराव राज्य करीत होते. रावांनी पूर्वीच आपल्या लॅपटॉपातून विकतच्या सिस्टिमची पातशाही समूळ उखडून लिनक्सचे निशाण रोविले होते आणि तेणेकरून सोसायटीत मान ताठ करून हिंडत होते. ते राज्य सर्वांचे, फुकट आणि मुक्त. मालक कोणी नाही, म्हणोन गाऱ्हाणे ऐकावयासही कोणी नाही, हे रावांस मागाहून समजले.

रावांचे श्वशुर भिकाजीपंत, जन्मभर मास्तरकी केलेले, आवाज ऐसा की तिसरीच्या वर्गात बोलिले तर सातवीची पोरे सरळ बसत. त्यांस श्रावणात अर्धांगाचा झटका आला आणि वाचा गेली, म्हणोन कन्या शैलजाबाई, रावांची राणी, यांनी त्यांस आपल्या घरी आणिले. बाईंनी गेल्या वर्षीच्या दिवाळीत पंतांस बोलते करून त्यांच्या लहानपणच्या गोष्टी रेकॉर्डरात भरून घेतल्या होत्या, त्या एका नखाएवढ्या मेमरी कार्डात होत्या, आणि दुसरी नक्कल नव्हती, आणि रेकॉर्डर पडून फुटला होता. डॉक्टर बोलिले जे, "त्यांना त्यांचाच आवाज रोज ऐकवून बघा, कदाचित जीभ वळेल." मग पंत आरामखुर्चीत लॅपटॉपाकडे कान करून बसू लागले आणि बाईंचा जीव त्या कार्डात अडकला.

रावांनी कार्ड लॅपटॉपाच्या फटीत सारिले, तो दिवा लागेना, पडद्यावर काही उमटेना. बाई बोलिल्या, "अहो, शेजारी बेंद्र्यांच्या कॉम्प्युटरवर लावून आणते की. दोन मिनिटांचं काम." राव खवळले, म्हणाले, "त्या पातशाहीच्या दारात आपलं कार्ड न्यायचं? उद्या बेंद्रे गावभर सांगत सुटेल, यांच्या लिनक्सला साधं कार्ड वाचता येत नाही. मी करतो ना. आहे काय त्यात?" आहे काय त्यात, या बोलण्याने आजवर जितकी राज्ये बुडाली तितकी तोफांनी बुडाली नसतील.

मग मोहीम सुरू जाहली. रावांनी काळ्या खिडकीत हुकूम लिहून हेर रवाना केले, त्यांनी खबर आणिली जे, रीडर जागेवर आहे, परंतु त्यास हाकणारा ड्रायव्हर नाही. मग राव फोरम नामे चावडीवर गेले आणि हात जोडून अर्ज गुदरिला, तो एकाने विचारले, आवृत्ती कोणती, आणि दुसऱ्याने दटाविले, हे आधी विचारून झाले आहे, शोधावे, आणि तिसऱ्याने सल्ला दिला, लॅपटॉपच दुसरा घ्यावा, आणि एका परदेशस्थाने लिहिले होते, "माझे सुटले, आभार," आणि कसे सुटले ते न सांगता तो अंतर्धान पावला होता. राव जेवण टाकून बसले, आणि एक ड्रायव्हर आणिला तो आवाज बंद पडला, आणि दुसरा आणिला तो वायफाय गेले, आणि वायफाय परत आणिले तो पडदा उलटा जाहला. बाई दारातून बोलिल्या, "बाबा सकाळपासून कान लावून बसलेत हो. नेऊ का बेंद्र्यांकडे?" राव बोलिले, "झालंच." परंतु आतून त्यांस रडू येत होते.

शेवटी चावडीवर एका जाणत्याची हुकुमांची माळ सापडली: अमुक ठिकाणचा ड्रायव्हर आणावा, घरीच घडवावा, सिस्टिमच्या गाभ्यात बसवावा, आणि सरतेशेवटी रीडरची परीक्षा करावी. या राज्याची रीत ऐसी जे, चावडीवरचे हुकूम जैसेच्या तैसे उचलावे, काळ्या खिडकीत ओतावे, 'सुडो' नामे राजमुद्रा उमटवावी आणि परवलीचा शब्द सांगावा. वाचत बसेल तो नवखा. रावांनी माळ उचलिली, मुद्रा उमटविली, आणि काय सांगावे, रीडरचा दिवा लागला! राव ओरडले, "लागला! शैलजा, लागला! बाबांना पुढे घे!" बाईंनी खुर्ची पुढे ओढिली, पंतांनी मान पुढे केली, आणि दिवा मिचकत राहिला, बराच वेळ मिचकत राहिला. राव अभिमानाने बोलिले, "बघ, केवढं वाचतोय!"

तो वाचत नव्हता, लिहीत होता. माळेतला शेवटचा हुकूम ऐसा होता जे, वेग पाहण्यासाठी कार्ड या टोकापासून त्या टोकापर्यंत शून्यांनी भरावे, आणि त्याखाली बारीक अक्षरात लिहिले होते, कोरेच कार्ड घ्यावे. दिवा थांबला, परीक्षा उत्तम उतरली, वेग झकास आला, आणि रावांनी कार्ड उघडिले तो आत काही नाही. जे नुसते पुसले ते परत मिळते, जे शून्यांनी भरले ते ब्रह्मदेवासही मिळत नाही, हे रावांस पुरते ठाऊक होते, आणि ठाऊक होते हेच वाईट.

बाई म्हणाल्या, "लावा ना." मग त्यांनी रावांचे तोंड पाहिले, आणि त्यांस कळले, आणि त्या एवढेच बोलिल्या, "दोन मिनिटांचं काम होतं हो," आणि आत गेल्या. रडण्याचा आवाजही बाहेर आला नाही. पंतांस कोणी काही सांगितले नव्हते, म्हणोन ते तैसेच कान देऊन बसले होते. राव त्यांच्या पायांशी खाली बसले आणि बोलिले, "बाबा, माझ्या हातून सगळं पुसलं गेलं. तुमचा आवाज गेला. मला बोला, काय वाटेल ते बोला." पंतांनी रावांकडे पाहिले, आणि ओठ हलविले, आणि पुन्हा हलविले, आणि काही आले नाही.

एणेप्रमाणे कार्ड रीडर फत्ते जाहला. तो अद्याप उत्तम चालतो. पंतांनी दोन शब्द सुनावले असते तर राव मोकळे होते. ते सुनावणे कार्डाबरोबरच गेले. जैसे घडले तैसे लिहिले, लेखणी येथे ठेविली.