रांजणाले हात नका लाऊ

"देवमनले घरात काम आनू देऊ नको, बाई," केशरबाईंनी नव्या सुनेला बजावलं होतं. "तो कामापाशी बसला म्हंजे त्याले मानूस दिसत नाही." शालू हसली होती. आपण बी. ए. झालेल्या, नवरा कॉलेजात रसायनशास्त्र शिकवणारा. सासूबाईंना त्यातलं काय कळतंय!

आता अमरावतीचा मे महिना, आणि घरातल्या एकुलत्या एका रांजणाला हात लावायची बंदी.

कॉलेजच्या प्रयोगशाळेवर टिनाचं छप्पर. देवमनच्या नळ्या तिथे तापत, म्हणून त्या घरी आल्या. केसासारख्या बारीक काचेच्या नळ्या. खाली खारं पाणी, वर अंड्याचं पांढरं, तोंडाला मेण. दोन्ही हळूहळू एकमेकांत मुरायची आणि मधे प्रथिनाचे स्फटिक धरायचे. ते दिसले तर नागपूरचे सर देवमनला संशोधनाला घेणार होते. मात्र नळ्यांना ऊब नको आणि धक्काही नको. घरात गार जागा एकच, रांजणाखालची ओली रेती. नळ्या तिथे रोवल्या गेल्या.

आधी "गडवा हळू बुडव" झालं, मग "बुडवूच नको". पाठोपाठ पाटा-वरवंटा बंद. लेक विशाखा रांगत तिकडेच जायची. काचेच्या धास्तीनं शालूनं पोरीची कंबर लुगड्याच्या चिंधीनं खाटेला बांधली. पोरीच्या अंगभर घामोळं. प्यायला पितळी गुंडात भरून ठेवलेलं पाणी. पत्ती टाकली असती तर चहाच झाला असता.

"हे कवरिक?" शालूनं विचारलं.

"स्फटिक धरेपर्यंत."

"मंग धरले का ते पाहा तरी!"

"पाहाले नळी उपसा लागते. उपसली का धक्का बसते."

"म्हंजे धरले तरी तुमाले समजनार नाही?"

याचा विचार देवमननं केलेला नव्हता. तो उठून कॉलेजात गेला.

अशात एका दुपारी अकोल्याच्या गाडीनं शालूचे वडील, श्रावणजी आले. घामानं निथळत ते सरळ रांजणाकडे गेले. गडवा उचलला, तोच देवमन ओरडला, "मामाजी, हात नका लाऊ!"

श्रावणजींचा हात थांबला. त्यांनी गडवा खाली ठेवला. "बरं," म्हणाले, दोन पावलं मागे सरले आणि अंगात मुरलेल्या जुन्या सवयीनं त्यांनी ओंजळ पुढे धरली. वरून कोणी पाणी ओतेल, अशी.

शालूनं ती ओंजळ पाहिली.

"माह्या बापाले? या घरात?" तिचा आवाज शेजारी गेला असणार. "गावच्या विहिरीवर ओंजय धरली त्यानं जनमभर! आता जवायाच्या रांजनावर बी धराची का त्यानं? बोला ना! आता काहून बोलत नाही?"

तिनं गडवा असा बुडवला की रांजण डुलला आणि रेती सरकली. देवमन गुडघ्यांवर बसून नळ्या उपसू लागला. श्रावणजींनी गडवा तोंडाला लावला, रिकामा केला, चष्मा चढवला आणि जावयाजवळ बसले.

"जवाईबापू, हे काय चमकून राह्यलं?"

देवमननं भिंग धरलं. नळ्यांमधे लख्ख पैलूंचे बारीक खडे धरले होते.

"धरले, मामाजी! चांगले मोठे झाले. हे... हे आजचे नोहोत. चार-पाच दिवसांचे असतीन."

शालूनं विशाखाच्या पाठीवरचं घामोळं पाहिलं, मग नवऱ्याकडे पाहिलं. देवमनला तिचं ओरडणं परवडलं असतं.

नागपूरचे सर येईपर्यंत स्फटिक गारच राहायला हवेत, म्हणून नळ्या परत रेतीत गेल्या. श्रावणजींनी मात्र खाट रांजणाशी ओढून घेतली आणि गडवा ताब्यात ठेवला. पोस्टमन येवो, बोहारीण येवो, आलेल्याच्या हातात भरला गडवा. संध्याकाळी देवमननं हात पुढे केला.

"जवाईबापू, हात नका लाऊ," श्रावणजी शांतपणे म्हणाले. "धक्का बसते."

तुमचं दुपारचं त्या बाजूनं जाणं झालं, तर जरा डोकावून या. तुम्हाला गार पाणी मिळेलच. देवमनला मिळालं का, तेवढं पाहा. शालू विचारणार नाही.