व्हिमचा नाद

माकणीच्या बसवराजला मुरूमची शिवप्रिया पाहताक्षणी आवडली आणि तिथेच त्याची पंचाईत झाली. एखादं माणूस आवडलं की याची जीभ मोकाट सुटायची.

मोठ्यांनी दोघांना "पाच मिन्टं बोला" म्हणून आतल्या खोलीत पाठवलं. दोघंही घरून प्रोग्रामिंगची कामं करणारी. टेबलावर तिचा लॅपटॉप उघडा होता आणि काळ्या स्क्रीनवर नॅनो, म्हणजे कोड लिहायचं एक साधंसं सॉफ्टवेअर. बसवराजला राहवेना.

"तुमी कोड नॅनोत लिहिता?"

"व्हय. का?"

"अहो, ते शिकाऊ लोकांचं एडिटर! मी नऊ वर्सं व्हिम वापरतो. माउसला हात लागत न्हाय."

"त्यातनं बाहेर कसं पडायचं, ते लोक नेटवर शोधत बसतात म्हणं."

"ज्याला येत न्हाय त्यानं शोधावं!"

झालं, जुंपली.

बाहेर मात्र आनंदीआनंद. मुलगा पाच मिनिटांत बाहेर आला तर नकार आणि जितका उशीर तितका होकार पक्का, अशी दोन्ही घरांची ठाम समजूत. वीस मिनिटं झाली तेव्हा बसवराजच्या आईने, मल्लम्मांनी, पेढे मागवले. चाळीस मिनिटांनी त्याच्या शरणप्पामामांनी मुहूर्त काढायला मठातल्या स्वामींना आणून बसवलं. तासाभरात शेजारच्या बायका ओवाळायचं ताट घेऊन हजर झाल्या.

तेवढ्यात दार उघडलं. शिवप्रिया वडिलांना म्हणाली, "आप्पा, जमणार न्हाय. यांचं व्हिम सुटत न्हाय."

मामांच्या हातातला पेढा हातातच राहिला. "आँ? कसला नाद लावून घेतलास रं? किती वर्सं झाली?"

"नऊ," बसवराज पुटपुटला.

मल्लम्मांनी डोळ्यांना पदर लावला. "आन् मला वाटायचं, लेकरू खोलीत काम करतंय!"

"आई, कामच करतो! ते एडिटर असतंय, कोड लिहायचं..."

"काय बी असू दे," मामा कडाडले, "पोरीला आवडत न्हाय न्हवं? मग सोड की!"

बसवराजने शिवप्रियाकडे पाहिलं. ती मान खाली घालून उभी होती. नऊ वर्षांची बोटांची सवय मोडायची म्हणजे जिवावरच येत होतं, पण ही गेली तर आयुष्यभर हळहळ वाटेल हेही त्याला लख्ख कळत होतं. त्याने वाकून स्वामींच्या पायांना हात लावला.

"आजपासून व्हिम बंद. जन्मभर नॅनोच वापरीन. शपथ!"

एकच जल्लोष झाला. कुंकू लागलं, पेढे वाटले गेले. त्या गडबडीत शिवप्रिया हळूच त्याच्याजवळ सरकली.

"एक सांगू? मी बी व्हिमच वापरते. कॉलेजपासनं."

"मग ते नॅनो?"

"मुद्दाम उघडून ठेवलं. तुमच्या बायोडेटात व्हिमचं नाव तीनदा हाय. म्हणलं, भांडणात माणूस कसा बोलतो ते बघावं. बरं बोलता तुमी. आरडाओरडा न्हाय, काय न्हाय."

बसवराजच्या जिवात जीव आला. "लई झ्याक! म्हंजे आता आपण दोघं बी व्हिमच..."

"आपण कुठलं? शपथ मी न्हाय घेतली," शिवप्रिया म्हणाली आणि पुढे होऊन सासूबाईंच्या पाया पडली.